एक चूल आणि चार स्वयंपाक

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें असलें तरी त्यांतील गाऱ्हाणें थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. घरांत लहानथोर नऊ माणसें, त्यांत मुलें तीन, आणि रात्रीं त्या तीन मुलांचे तीन निरनिराळे स्वयंपाक. थोरल्याला बटाट्यावांचून दुसरी भाजी चालत नाहीं. मधलीला आमटींत कढीलिंबाचें पान दिसलें कीं ती वाटीच दूर सारते. धाकटा तूप-साखर-पोळीवर दिवस काढतो. सासूबाई म्हणतात, “मुलांना जेवूं घालायला हातोटी लागते.” सासरे म्हणतात, “दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे मुकाट्यानें खातील.” यजमान कांहींच म्हणत नाहींत, कारण ते घरीं येतात तेव्हां मुलें निजलेलीं असतात. पत्राच्या अखेरीस प्रश्न आहे : “गुरुजी, यांत चूक कोणाची ?”

मागील अंकीं शुद्धलेखनाविषयीं मीं मोठ्या अधिकारवाणीनें लिहिलें होतें. या प्रश्नापुढें ती वाणी बसली. आपल्याच घरचें वर्तमान कोणी टपालानें आपल्याकडे धाडलें आहे कीं काय, असें पत्र वाचतांना मला वाटलें. म्हणून आज उपदेश थोडा आणि कबुली अधिक, असा प्रकार होणार आहे; वाचकांनीं तो गोड करून घ्यावा.

आमच्या घरीं रोज अकरा पानें पडतात. मी, माझी पत्नी, माझी वडील बहीण आक्का, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें. माझीं तीस-पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्यांत गेलीं. पण आपल्या घरचीं मुलें रात्रीं जेवतात कशीं, हें मीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. मी पानावर बसण्यापूर्वीं तीं जेवून उठत. सेवानिवृत्त झाल्यावर माझी खुर्ची ओटीवरून माजघरांत आली, आणि मग जें दिसलें तें असें. पोळ्या, मेथीची भाजी, आमटी, भात आणि काकडीची कोशिंबीर इतका सर्वांचा स्वयंपाक सात वाजतां तयार होता. त्यानंतर थोरल्या नातवासाठीं बटाट्याच्या काचऱ्या झाल्या. मधल्या नातीसाठीं भाताला जिऱ्याची फोडणी पडली. सहा वर्षांच्या नातवासाठीं पोळी कुसकरून तिचा गूळ-तूप घालून लाडू वळला गेला. राहिली चार वर्षांची धाकटी नात. तिला दहींभात, पण त्यांत मोहरीचा दाणा दिसतां कामा नये, आणि तोही मोबाईलवरचीं चित्रें पाहत दुसऱ्यानें भरवावयाचा. पूर्वीं चिऊ-काऊचे घांस असत, त्या जागीं आतां हा पडदा आला आहे. तोंडांत काय गेलें हें मुलाला कळूं द्यावयाचें नाहीं, हा हेतु दोहोंचा एकच.

मुलें आटोपल्यावर पुरुषांचीं पानें झालीं, मग आक्का व माझी पत्नी, आणि सर्वांच्या शेवटीं दोघी सुना. थोरली सून पानावर बसली तेव्हां साडेनऊ वाजून गेले होते. तिच्या पानांत निवलेली आमटी, मुलांनीं टाकलेल्या उष्ट्या काचऱ्या आणि एक करपलेली पोळी होती. हें दृश्य मी कांहीं दिवस पाहत राहिलों, आणि एके रात्रीं एक साधी गोष्ट ध्यानांत आली. आमच्या धाकट्या नातीनें आपल्या आईला रात्रीं जेवतांना जन्मांत कधीं पाहिलेलें नव्हतें.

ही गोष्ट येथेंच ठेवतों. तिच्याकडे पुढें यावयाचें आहे.

प्रथम मुलांची बाजू मांडतों, कारण त्यांना वकील नसतो. मूल जेवत नाहीं म्हणजे तें हट्टी किंवा लाडावलेलें, असा आपला सरसकट निर्णय ठरलेला असतो. वस्तुतः पहिल्या वर्षांत मुलाचें वजन जन्माच्या वेळच्या सुमारें तिप्पट होतें. ३ किलोंचें बालक पहिल्या वाढदिवसापर्यंत ९ किलोंच्या आसपास जातें. पुढच्या संबंध वर्षांत मात्र तें अवघें २ ते २॥ किलो वाढतें. वाढीचा वेग उतरला कीं भूकही उतरते. आईला मात्र वाटतें कीं, काल वाटीभर खाणारें मूल आज अर्ध्या वाटीवर आलें, तेव्हां याला कोणाची तरी दृष्ट लागली असावी. मीठ-मोहऱ्या उतरून ही दृष्ट जात नाहीं, कारण ती लागलेलीच नसते.

त्याच सुमारास दुसरा एक पालट होतो. साधारण दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत मुलाला अनोळखी अन्नाचें भय वाटतें. चालूं लागलेलें मूल आईच्या नजरेआड जाऊन दिसेल तें तोंडांत घालूं लागलें, तर विषारी पाला आणि फळेंही खाईल. ओळखीचें तेवढें खावें आणि अनोळखी थुंकून टाकावें, ही वृत्ति निसर्गानें त्याच्या रक्षणासाठींच दिली असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. कडवट चवीविषयीं हा संशय अधिक असतो, आणि आपल्या बहुतेक पालेभाज्या थोड्याफार कडवटच. मेथीकडे पाहून रडणारें मूल आपल्या परीनें शहाणपणच करीत असतें.

शिवाय जीभही सर्वांची सारखी नसते. आर्थर फॉक्स नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला योगायोगानें असें आढळलें कीं, एकच द्रव्य कांहीं माणसांना अत्यंत कडू लागतें आणि कांहींना त्याची चवच कळत नाहीं. ही गोष्ट त्यानें १९३१ च्या सुमारास जाहीर केली, आणि हा भेद आनुवंशिक आहे असें पुढें सिद्ध झालें. तेव्हां एकाच आईच्या दोन मुलांपैकीं एकानें मुळ्याच्या पाल्याची भाजी मिटक्या मारीत खावी आणि दुसऱ्यानें तोंड वेडेंवांकडें करावें, यांत दुसरें ढोंग करीत आहे असें समजण्याचें कारण नाहीं. दोघांच्या जिभेला ती भाजी एकच नसते.

आतां वडीलधाऱ्यांची बाजू. ती सांगण्यास मी अधिकारी आहें, कारण त्या बाजूचा मुख्य आरोपीही मीच आहें. माझा थोरला मुलगा सात वर्षांचा असतांना एके रात्रीं त्यानें पडवळाची भाजी खाण्याचें नाकारलें. पानांत वाढलेलें संपविल्यावांचून उठावयाचें नाहीं, असा आमच्या घरचा नियम. आणि शाळेंतील शिस्त मीं माजघरांतही चालविलेली. मीं त्याला पानावर बसवून ठेवलें. साडेसातला बसलेला मुलगा नऊ वाजेपर्यंत बसला. अखेर त्यानें ती भाजी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि मोरीवर जाऊन ओकून टाकली. नियम राखला गेला याचें मला त्या रात्रीं समाधान वाटलें. आज तो मुलगा चाळिशी ओलांडून गेला आहे. त्या दिवसानंतर पडवळ त्याच्या जिभेला लागलेलें नाहीं.

एवढेंच असतें तरी पडवळावांचून कोणाचें अडत नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं दुपारीं आम्ही बापलेक आणि मुलें एका पंगतीला बसलों असतां धाकटी नात मेथीकडे पाहून रडूं लागली. माझ्या तोंडून संवयीनें निघालें, “पानांत टाकायचें नाहीं.” मुलगा मान खालीं घालून जेवत होता. मान वर न करतां तो म्हणाला, “अण्णा, तिला तरी उठूं द्या.” पुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल लावणाऱ्या मला आपला निकाल इतक्या वर्षांनीं कळला, आणि तोही त्या एका ‘तरी’ या शब्दांत.

धाकानें अन्न पोटांत जातें, पण आवड पोटांत जात नाहीं. २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देऊन पाहण्यांत आलें. “संपवा, संपवा” असा आग्रह जेव्हां झाला नाहीं तेव्हां मुलांनीं अधिक खाल्लें, आणि अन्नाला नांवें फारच कमी ठेवलीं. आग्रहाच्या वेळीं नेमकें उलट झालें. ज्यांच्या घरीं ‘आणखी एक घांस’ हा रोजचा पाठ आहे, त्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

धाकाची बहीण लालूच. “भाजी संपव, मग लाडू मिळेल,” असें आपण म्हणतों तेव्हां भाजी ही शिक्षा आणि लाडू हें बक्षीस, असा पाठ मूल शिकतें. भाजीचा पाठ राहूनच जातो. लीॲन बर्च या अमेरिकन संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं याचीही परीक्षा प्रसिद्ध केली. एक पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस किंवा शाबासकी देण्यांत आली, त्यांची त्या पेयाची आवड पुढें घटली. ज्यांना तें सहज मिळत राहिलें, त्यांची तशी घटली नाहीं. शाबासकीनेंही आवड घटावी, हें वाचून माझ्यासारख्या शिक्षकाला बराच वेळ चैन पडलें नाहीं.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येकासाठीं वेगळा स्वयंपाक. ती मायेपोटीं होते, म्हणून तिला चूक म्हणतांना जीभ अडखळते. पण ज्या मुलाच्या पानांत महिनोन्महिने काचऱ्यांवांचून दुसरी भाजीच पडत नाहीं, त्याची दुसऱ्या भाजीशीं ओळख व्हावी तरी कोठें ? आणि ओळख नाहीं म्हणून भय, भय म्हणून काचऱ्या, असें हें रहाटगाडगें फिरत राहतें. तें ओढणारी बाई मात्र एकच असते.

मुलांकडून मीं संस्कृत शब्दांचीं रूपें पाठ करून घेतलीं. ‘देव’ शब्दाची सप्तमी पहिल्या दिवशीं जिभेवर बसली नाहीं, म्हणून कोणा विद्यार्थ्याला मीं संस्कृतास नालायक ठरविलें नाहीं. दहादां, पंधरादां, प्रसंगीं वीसदां म्हणवून घेतलें. मग त्याच जिभेनें नवी चव मात्र एका दिवसांत शिकावी, असा हट्ट कां ? याच बर्चबाईंचा १९८२ सालचा प्रयोग दोन वर्षांच्या मुलांवर झाला होता. कांहीं नवे पदार्थ मुलांना कमी-अधिक वेळां, अगदीं वीस वेळांपर्यंत, चाखावयास दिले. जो पदार्थ अधिक वेळां चाखला, तो अधिक आवडूं लागला. नुसता डोळ्यांनीं पाहून हा परिणाम पुरता साधत नाहीं, जिभेला थेंबभर तरी लागावा लागतो, असेंही पुढें दिसून आलें. आपण बहुधा दोन-तीनदां वाढून पाहतों आणि ‘याला दुध्या आवडत नाहीं’ असा कायमचा शेरा मारून मोकळे होतों.

आपल्या जुन्या शास्त्राला हें अपरिचित होतें असें नाहीं. अभ्यासानें, म्हणजे पुनः पुनः सेवनानें, जें शरीराला मानवूं लागतें त्याला आयुर्वेदांत ‘ओकसात्म्य’ असें नांव आहे. आणि वाईट संवय सोडून हितकर संवय लावावयाची ती एकदम न लावतां चतुर्थांशाच्या मानानें क्रमाक्रमानें लावावी, असा विधि चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितला आहे. काचऱ्या एकदम बंद करून दोन दिवस उपाशी ठेवणारे सासरे, आणि काचऱ्या जन्मभर चालू ठेवणारी माया, हे दोघेही या विधीच्या बाहेरचे.

तोच विधि आपल्या पानाच्या मांडणींतही आहे. डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें. उजव्या बाजूस भाज्या. मध्यें वरणभात आणि त्यावर तूप. डावीकडील पदार्थ थोडा वाढावयाचा, मधून मधून जिभेला लावावयाचा, आणि तो संपलाच पाहिजे असा आग्रह कोणी धरीत नाहीं. मुलाच्या पहिल्या ओळखीसाठीं याहून चांगली जागा कोणती ? आपण मात्र नावडती भाजी उजव्या हाताला डावभर वाढून ‘अन्न टाकूं नये’ हा धर्म त्याच्यावर लादतों. अन्न टाकूं नये हें खरेंच; म्हणूनच तें मोजकें वाढावें. चिंचोक्याएवढी भाजी पानांत राहिली तर अन्नाचा अपमान होत नाहीं. डावभर भाजी ओकून टाकल्यानें होतो.

मग मुलाला वाटेल तें खाऊं द्यावें काय ? क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंनीं हाच प्रश्न घेऊन १९२६ पासून पुढें कित्येक वर्षें प्रयोग केला. नुकतें अंगावरचें दूध सुटलेलीं एकंदर १५ मुलें. त्यांच्यापुढें निरनिराळ्या भांड्यांत धान्यें, फळें, भाज्या, दूध, अंडीं, मांस असे साधे पदार्थ मांडलेले. परिचारिकेनें चमचा घेऊन मुकाट्यानें बसावयाचें. मूल बोट दाखवील तेंच द्यावयाचें. ‘खा’ म्हणावयाचें नाहीं आणि ‘नको’ही म्हणावयाचें नाहीं. प्रत्येक मुलाची निवड निराळी झाली, पण मुलें धडधाकट वाढलीं. मुडदूस झालेल्या एका मुलापुढें कॉड माशाच्या यकृताचें तेल ठेवलें होतें. दुखणें बरें होईपर्यंत तें त्यानें आपण होऊन घेतलें. या प्रयोगाचा अर्थ पुष्कळांनीं भलताच लावला. १९३९ सालीं निष्कर्ष मांडतांना बाईंनीं स्वतःच सांगितलें कीं, खरी खुबी पदार्थांच्या यादींत आहे. त्या यादींत साखर नव्हती, मिठाई नव्हती, डब्यांतील तयार खाद्यें नव्हतीं. म्हणजे यादी वडिलांची आणि निवड मुलाची. पुढें १९८० नंतरच्या दशकांत एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनीं हीच विभागणी स्पष्ट शब्दांत मांडली : काय, केव्हां आणि कोठें वाढावयाचें हें वडीलधाऱ्यांनीं ठरवावें, किती खावयाचें, किंबहुना खावयाचें कीं नाहीं, हें मुलानें ठरवावें. आमच्या घरीं नेमकें उलटें चाललें होतें. काय शिजावें हें मुलें ठरवीत होतीं, आणि किती खावें हें आम्ही.

त्या रविवारनंतर आम्हीं घरांत जे फेरफार केले, ते आतां सांगतों.

सायंकाळीं पांचानंतर बिस्किटें, फरसाण, दूध सर्व बंद. तहान लागली तर पाणी. दूध दिवसांतून दोन पेले, म्हणजे अर्ध्या लिटराच्या आंतच. दूध प्रमाणाबाहेर पिणाऱ्या मुलाची भूक दुधानेंच भागते, आणि दुधांत लोह फार थोडें असल्यामुळें रक्त कमी होण्याचा संभव असतो. पानें साडेसातला घ्यावयाचीं, म्हणजे मुलें पेंगुळण्यापूर्वीं जेवण होतें.

स्वयंपाक एकच. मात्र त्यांत प्रत्येक मुलाच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असतो : साधा भात, पोळी, दहीं यांपैकीं कांहीं. एखाद्या रात्रीं मूल तेवढेंच खाऊन उठलें तर उठूं द्यावयाचें. आमटीला तिखट-मसाला घालण्यापूर्वीं लहान वाट्या काढून ठेवल्या जातात. याला वेगळा स्वयंपाक म्हणत नाहींत. कडवट किंवा नवी भाजी डाव्या बाजूस, कोशिंबिरीच्या शेजारीं, चिंचोक्याएवढी. उजव्या बाजूस मूल मागेल तेवढेंच.

अनोळखी पदार्थ ओळखीच्या पदार्थाच्या हाताला धरून आणावयाचा, ही युक्ति माझ्या पत्नीची. धाकटीला दहीं आवडतें, म्हणून प्रथम दह्यांतली काकडीची कोशिंबीर आली, मग दह्यांतलें लाल भोपळ्याचें भरीत, मग ताकांतला पालक. थोरल्याच्या काचऱ्यांत चार फोडी दुध्याच्या पडूं लागल्या. पुढें दुध्या वाढत गेला आणि बटाटा घटत गेला. थालीपिठांत मेथी घातली, पण लपवून घातली नाहीं. निवडण्यास मुलांनाच बसविलें. लपवून घातलेली भाजी एकदां उघडकीस आली म्हणजे मूल थालीपिठावरही विश्वास ठेवीत नाहीं. मटार सोलणें, पानांत मीठ-लिंबू वाढणें, हीं कामें मुलांकडे दिलीं. पालेभाजीवर लिंबू पिळण्याची जुनी चाल चवीपुरती नाहीं. लिंबाच्या रसानें भाजींतील लोह अंगीं अधिक लागतें.

हें सर्व सोपें होतें. कठीण होतें तें मौन. ‘खा’ म्हणावयाचें नाहीं, ‘शाबास’ म्हणावयाचें नाहीं, ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ हें तर मुळींच म्हणावयाचें नाहीं. आक्काला आणि मला पहिला पंधरवडा फार जड गेला. एकमेकांकडे पाहून आम्ही पाणी पीत असूं.

आणि मघां बाजूस ठेवलेली गोष्ट. सर्वांनीं, म्हणजे सुनांनींही, एकाच वेळीं पानावर बसावयाचें असें मीं सुचविलें. आक्का म्हणाली, “मग वाढणार कोण ?” सून म्हणाली, “मामंजी, तुम्हांला तव्यावरची पोळी लागते.” प्रश्न दोन्ही खरे होते, आणि दुसऱ्याचें उत्तर माझ्याकडेच होतें. चाळीस वर्षें तव्यावरची पोळी पानांत पडावी म्हणून घरांतील कोणी ना कोणी उभी राहत आली होती. ती पोळी मीं सोडली. आतां पोळ्या आधीं होऊन डब्यांत राहतात, भांडीं मध्यें ठेवलेलीं असतात, ज्याचें त्यानें वाढून घ्यावें, आणि मागाहून लागणारा भात व पाणी देण्याचें काम माझ्याकडे आहे. पंक्तीला वाढण्यास उठतांना प्रथम गुडघे कुरकुरले. हल्लीं तेही बोलत नाहींत.

या बदलाला आधार नव्हता असें नाहीं. लहान मुलांपुढें अनोळखी पदार्थ नुसता ठेवण्यापेक्षां मोठ्या माणसानें तो त्यांच्यादेखत खाल्ला तर मुलें तो अधिक सहज तोंडांत घालतात, आणि परक्या बाईपेक्षां आईनें खाल्ला तर अधिकच, असें १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळलें होतें. आमच्या घरीं आई मुलाला भाजी भरवीत होती, पण स्वतः ती भाजी त्याच्यापुढें कधीं खात नव्हती. वाघाच्या पिंजऱ्यांत दुसऱ्याला ढकलून आपण बाहेर उभें राहावें, तसें तें त्या मुलीला वाटत असेल.

पहिल्या रात्रीं धाकटी नात स्वतःचें जेवण विसरून आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आई, तूं पण जेवतेस ?” सगळे हंसले. सून हंसली नाहीं. तिनें पोळीचा तुकडा मोडला आणि मेथीला लावून खाल्ला.

चमत्कार झाला असें मी सांगणार नाहीं. सात-आठ वेळां ती मेथी पानांतच राहिली. नंतर एकदां तिला बोट लागलें. पुढें एकदां ती जिभेवर गेली आणि तितक्याच वेगानें परत आली. कोणी कांहीं बोललें नाहीं. दीड महिन्यानें पोळीच्या घांसांत थोडी मेथी पोटांत गेली, आणि आतां ती बिनतक्रार तेवढी खाते; आवडीनें खाते असें नाहीं. सहा वर्षांचा नातू पोळीच्या लाडवावरून वरणपोळीवर आला आहे, पण वांग्याकडे पाहत नाहीं. त्याला तें माफ आहे. प्रत्येक माणसाला एक भाजी माफ, असा नवा नियम आम्हीं केला आहे. नियम झाला त्या रात्रीं माझ्या थोरल्या मुलानें आपल्या भाजीचें नांव सांगितलें नाहीं. सांगण्याची गरज नव्हती. त्यानंतर घरांत पडवळ झालें तेव्हां त्याच्या पानापर्यंत भांडें सरकवतांना मीं तें थांबविलें, आणि तो माझ्याकडे पाहून थोडा हंसला.

एक सूचना करणें अवश्य आहे. वरील सर्व विवेचन वाढत असलेल्या, खेळत्या मुलाविषयीं आहे. मुलाचें वजन घटत असेल किंवा बरेच महिने वाढत नसेल, घांस गिळतांना त्याला ठसका लागत असेल किंवा वारंवार ओकारी येत असेल, चेहरा फिकट दिसूं लागला असेल, अथवा एकेक पदार्थ सोडतां सोडतां मूल चार-पांच पदार्थांवरच येऊन ठेपलें असेल, तर पंगतीचे प्रयोग न करतां बालरोगांच्या डॉक्टरांकडे जावें. अशा वेळीं घरांतील वडिलांचा अनुभव हा तपासणीला पर्याय होऊं शकत नाहीं. तसेंच पांच वर्षांच्या आंतील मुलांच्या हातीं अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकण्याचें भय असतें. कूट करून द्यावेत.

आतां भगिनीच्या प्रश्नाकडे. चूक कोणाची ? मुलांची नाहीं, तीं आपल्या वयाप्रमाणें वागत आहेत. आपलीही नाहीं, आपण तीन स्वयंपाक करतां तें मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून. चूक असेल तर ती आपणांस एकटीला चुलीपाशीं उभें ठेवून दुरून सल्ला देणाऱ्या आम्हां वडील मंडळींची. तेव्हां हा अंक सासऱ्यांच्या हातीं पडेल अशा जागीं ठेवावा. तव्यावरची पोळी सोडल्यानें माणसाचें कांहीं बिघडत नाहीं, हें माझ्या अनुभवावरून त्यांना खुशाल सांगावें. यजमानांनाही आठवड्यांतून दोन-तीन रात्रीं तरी मुलें जागीं असतांना घरीं येण्यास सांगावें.

आणि आपण आज रात्रीं तिसरा स्वयंपाक करूं नये. पान घ्यावें आणि मुलांच्या शेजारीं जेवावयास बसावें.